जटामांसी आणि तगर : नावांचा गोंधळ, गुणांचा फरक

प्रास्ताविक

हिमालयात उगवणाऱ्या दोन सुगंधी वनस्पती आपल्या औषधांच्या आणि अत्तरांच्या परंपरेत शेकडो वर्षे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. एक जटामांसी आणि दुसरी तगर. दोघी एकाच कुळातल्या. दोघींचा जमिनीखालचा भाग उपयोगी पडतो, दोघींचा वास उग्र असतो आणि मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या म्हणून दोघींची ख्याती आहे. त्यामुळे बाजारात एकीच्या जागी दुसरी सहज खपून जाते. भरीस भर म्हणजे तगरीच्या आजच्या अधिकृत शास्त्रीय नावातच 'जटामांसी' हा शब्द बसलेला आहे.

भाषा शिकवणाऱ्याने वनौषधींच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या दोन वनस्पतींचा घोळ मुळात भाषेतून सुरू झाला आहे. संस्कृत, ग्रीक, अरबी, फारसी, उर्दू आणि मराठी अशा अनेक भाषांतून ही नावे फिरली आणि प्रत्येक मुक्कामावर थोडी थोडी सैल झाली. नाव सैल झाले की वस्तू बदलते. वस्तू बदलली की रुग्णाला वेगळे औषध मिळते आणि डोंगरावरची एखादी वनस्पती नाहक उपटली जाते. म्हणून प्रस्तुत लेखात या दोन वनस्पतींची तुलना नाव, रूप, गंध आणि गुण अशा क्रमाने केली आहे.

एक वनस्पती, अनेक प्रतिमा

जटामांसीचे वाळलेले मूळ हातात घेतले तर ते लालसर तपकिरी केसांच्या झुपक्यासारखे दिसते. वस्तुतः हे केस म्हणजे दरवर्षी वाळून गेलेल्या पानांच्या देठांचे उरलेले तंतू होत. संस्कृतात त्याला जटेची उपमा मिळाली. उर्दू आणि हिंदीतील 'बालछड' या नावातही केसच आहेत.

अरबांनी मात्र याच वस्तूत कणीस पाहिले. अरबीत 'सुंबुल' म्हणजे धान्याचे कणीस. सूरह यूसुफमध्ये राजाला स्वप्नात जी सात हिरवी कणसे दिसतात, त्यांच्यासाठी याच शब्दाचे बहुवचन आले आहे. 'सुंबुल-उत-तीब' म्हणजे सुगंधाचे कणीस. येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'तीब' म्हणजे सुगंध आणि 'तिब्ब' म्हणजे वैद्यक. अरबी लिपीत हे दोन शब्द वेगळे लिहिले जातात, परंतु देवनागरीत उतरवताना दोन्ही बऱ्याचदा 'तिब' असेच लिहिले जातात आणि सुगंधाचे कणीस वैद्यकाचे कणीस होऊन बसते. रोमन लोकांनाही कणीसच दिसले. लॅटिनमधील 'स्पायका' या शब्दाचा अर्थ तोच. इंग्रजीतील 'स्पाइकनार्ड' या नावाचा पहिला भाग तेथून आला. दुसरा भाग 'नार्द' हा ग्रीक आणि हिब्रूतून फिरत आलेला असला, तरी त्याचे मूळ संस्कृत 'नलद' या शब्दात असावे असे भाषाभ्यासक मानतात.

उर्दूच्या विद्यार्थ्यांना आणखी एका ठिकाणी ठेच लागते. गझलेत प्रेयसीच्या कुरळ्या बटांना 'सुंबुल' म्हणतात. तो सुंबुल म्हणजे बागेत लावला जाणारा, कंदातून उगवणारा हायासिंथ. त्याचा हिमालयातील सुंबुल-उत-तीबशी वनस्पती म्हणून काहीही संबंध नाही. मध्य आशियातील हिंगाच्या नातलग असलेल्या एका झाडाच्या कस्तुरीगंधी मुळालाही सुंबुलच म्हणतात. म्हणजे एका शब्दाखाली तीन वनस्पती झाल्या.

तगर नेमकी कोणती?

मराठी वाचकाला तगर म्हटले की अंगणातले झुडूप आठवते. पाच पाकळ्यांची, चक्रासारखी पांढरी फुले, पान तोडले की पांढरा चीक. बेळगाव भागात कानडीच्या सहवासामुळे त्याला नंदिबट्टलु म्हणूनही ओळखतात. हे झुडूप कण्हेरीच्या कुळातले आहे. औषधी तगरीचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. ग्रंथात 'तगरमूळ' वाचून कोणी परसातल्या तगरीचे मूळ खणले, तर ते धोक्याचे आहे, कारण चिकाच्या त्या झाडात तीव्र अल्कलॉइडे असतात. हा इशारा विद्यार्थ्यांना आवर्जून द्यावा. (धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे प्राचीन नावही तगरच होते, पण तो इतिहासाच्या अध्यापकांचा विषय.)

औषधी तगर हिमालयातली. तिला काश्मीर आणि हिमाचलाकडे मुश्कबाला, नेपाळमध्ये सुगंधवाल म्हणतात. बाजारात 'सुगंधबाला' या नावानेही ती मिळते. पण आयुर्वेदातील सुगंधबाला ही जास्वंदीच्या कुळातील निराळी वनस्पती आहे. यूनानी ग्रंथांतील 'असारून' हे मुळात युरोपातील एका अगदी वेगळ्या कुळातल्या वनस्पतीचे नाव. हिंदुस्तानात ती उगवत नसल्यामुळे अत्तारांच्या दुकानात असारून मागितले की बरेचदा तगर पुड्यात बांधून मिळते.

भरूच ते बगदाद

जटामांसी ही प्राचीन जगातील महागड्या मालांपैकी एक होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे आजचे भरूच, या बंदरातून नार्द निर्यात होत असल्याची नोंद आहे. उत्तरेकडील पर्वतांतून हा माल उतरत असे. त्याच ग्रंथात उज्जैनमार्गे भरूचला येणाऱ्या मालाचाही उल्लेख आहे. म्हणजे आपल्या वडोदरा आणि इंदूरच्या वाचकांच्या परिसरातूनच या व्यापाराच्या वाटा जात होत्या. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी नार्दाच्या कणसाचा भाव पौंडाला १०० दिनारी असा देतो आणि लगेच खोट्या नार्दाच्या भेसळीचीही तक्रार करतो. बायबलच्या नव्या करारात येशूंना लावलेल्या ज्या तेलाची किंमत ३०० दिनारी सांगितली आहे, ते तेल नार्दाचेच. मराठी बायबलमध्ये तेथे 'जटामांसी' हाच शब्द वापरलेला आढळतो.

याच काळात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने नार्दाचे प्रकार नोंदवले. त्यांत गंगेकडचा भारतीय नार्द होता आणि युरोपातील आल्प्स पर्वताकडचा नार्दही होता. हा आल्प्सचा नार्द म्हणजे तगरीच्या प्रजातीतली वनस्पती. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बासील आणि हुनैन इब्न इसहाक यांच्या हातून डायोस्कोरिडीसचा ग्रंथ अरबीत आला, तेव्हा पहिल्याला 'सुंबुल हिंदी' आणि दुसऱ्याला 'सुंबुल रूमी' अशी नावे रूढ झाली. अरबी परंपरेने दोघींचे नाते ओळखले आणि वेगळेपणही राखले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. हिंदी आणि रूमी ही विशेषणे जोवर नावासोबत होती तोवर घोटाळा होत नव्हता. बोलीत विशेषण गळले आणि नुसते 'सुंबुल' उरले.

विल्यम जोन्स यांचा शोध आणि चूक

कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटीची स्थापना करणारे सर विल्यम जोन्स अरबी, फारसी आणि संस्कृत या तिन्ही भाषांचे जाणकार होते. प्राचीन ग्रंथांतील नार्द म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १७९० मध्ये सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. गिल्बर्ट ब्लेन यांनी नार्द म्हणजे एक सुगंधी गवत असल्याचे प्रतिपादन केले होते. जोन्स यांनी अरबी कोशांतील सुंबुलाची व्याख्या, पंडितांची आणि हकिमांची साक्ष यांच्या आधारे नार्द, सुंबुल आणि जटामांसी ही तीन नावे एकाच वस्तूची आहेत असे मांडले. हा निष्कर्ष बरोबर होता.

अडचण पुढे आली. नाव निश्चित झाल्यावर जिवंत वनस्पती पाहणे आवश्यक होते. जटामांसीचे डोंगर कलकत्त्याहून दूर आणि दुर्गम. तेथून जे रोप मागवले गेले आणि ज्याचे वर्णन जोन्स यांनी 'व्हॅलेरियाना जटामांसी' या नावाने केले, ते रोप तगरीचे निघाले. १७९५ च्या चौथ्या खंडात विल्यम रॉक्सबर्ग यांनीही भूतानहून आलेल्या रोपांवर टिपण लिहिले. खरी जटामांसी स्वतंत्रपणे ओळखली जाण्यास आणखी काही दशके गेली. डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींच्या ग्रंथात तिचे वर्णन केले आणि १८३० मध्ये द कांदोल यांनी तिच्यासाठी 'नार्डोस्टॅकिस' ही नवी प्रजाती निर्माण केली. नार्डोस्टॅकिस या ग्रीक शब्दाचा अर्थही 'नार्दाचे कणीस' असाच.

वनस्पतींच्या नामकरणात आधी दिलेल्या वैध नावाला अग्रक्रम मिळतो. त्यामुळे तगरीचे नाव व्हॅलेरियाना जटामांसी असेच राहिले आणि जटामांसीचे नाव नार्डोस्टॅकिस जटामांसी झाले. दोन्ही नावे नियमाला धरून आहेत, कारण प्रजातीचे नाव वेगळे असेल तर जातीचे नाव पुन्हा येऊ शकते. हा घोटाळा टाळण्यासाठी अनेक ग्रंथांत तगरीला 'व्हॅलेरियाना वॉलिचाय' आणि जटामांसीला 'नार्डोस्टॅकिस ग्रँडिफ्लोरा' ही पर्यायी नावे वापरलेली आढळतात. जोन्स यांच्यासारख्या बहुभाषाविदाने ग्रंथांतून अचूक निष्कर्ष काढला, पण हातात आलेल्या रोपाने त्यांना चकवले. नावाचा अभ्यास वस्तूच्या तपासणीशिवाय अपुरा राहतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ओळखीच्या खुणा

पूर्वी या दोन्ही वनस्पती व्हॅलेरियानेसी कुळात मोडत. नव्या वर्गीकरणात हे कुळ कॅप्रिफोलिएसी कुळात सामावले आहे. दोघींतील फरक पुढीलप्रमाणे सांगता येतात.

१. स्थान : जटामांसी सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर, वृक्षरेषेच्या आसपास आणि तिच्या वर, खडकाळ उतारांवर वाढते. उत्तराखंड, सिक्कीम, नेपाळ, भूतान आणि नैऋत्य चीन हा तिचा प्रदेश. तगर सुमारे १,२०० ते ३,००० मीटरवर, ओलसर सावलीत वाढते. ती मेघालयातील खासी टेकड्यांतही आढळते.

२. पाने : जटामांसीची पाने लांबट आणि अरुंद. तगरीची बुंध्याजवळची पाने लांब देठाची आणि हृदयाच्या आकाराची.

३. फुले : जटामांसीची गुलाबी ते जांभळट, तगरीची पांढरी किंवा किंचित गुलाबी. भिंगाखाली पाहिल्यास जटामांसीच्या फुलात चार पुंकेसर दिसतात, तगरीच्या फुलात तीन.

४. फळ : तगरीच्या फळावर पिसासारखा तुरा उमलतो आणि वाऱ्यावर बी उडते. जटामांसीच्या फळावर निदलपुंजाच्या पाच पाकळ्या तशाच टिकून राहतात.

५. वाळलेले औषध : बाजारात फूल, पान, फळ काहीच नसते, म्हणून ही खूण सर्वांत महत्त्वाची. जटामांसी लालसर तपकिरी तंतूंनी दाट वेढलेली असते. तगर गाठाळ, पिवळट तपकिरी, आडव्या कंगोऱ्यांची आणि तुटलेल्या मुळांच्या खुणांची असते. तिच्यावर जटा नसतात.

तथापि 'जटा दिसल्या म्हणजे जटामांसी' असेही समजू नये. भूतकेशी या नावाची, कोथिंबिरीच्या कुळातील एक हिमालयीन वनस्पती अशाच केसाळ मुळांमुळे जटामांसी म्हणून विकली जाते.

गंध आणि त्यामागचे रसायन

जटामांसीचा वास जड, कडवट आणि मातकट, त्यात जुन्या लाकडाची आणि शेवाळाची छटा. तो हळूहळू उलगडतो आणि कपड्यावर बराच काळ टिकतो. म्हणून अत्तरात तिचा उपयोग इतर सुगंध धरून ठेवण्यासाठी होतो. कनौजचे प्रसिद्ध 'शमामा' हे अत्तर अनेक सुगंधी द्रव्ये देग-भपक्यात ऊर्ध्वपातित करून तयार होते. त्यांत नागरमोथा, दगडफूल, कपूरकचरी यांच्यासोबत जटामांसीही असते. केसांच्या तेलातही तिला स्थान आहे. केसांसारख्या दिसणाऱ्या मुळाने केस वाढतात ही समजूत या प्रसिद्धीला कारणीभूत असावी.

तगर ओली असताना सौम्य असते. वाळत जाते तसा तिला आंबूस, घामट, पनीर शिळे व्हावे तसा दर्प येऊ लागतो. याचे कारण आयसोव्हॅलेरिक आम्ल. तगरीतील 'व्हॅलेपोट्रिएट' गटाची द्रव्ये अस्थिर असतात. साठवणुकीत आणि उष्णतेने ती मोडतात आणि हे आम्ल सुटे होते. साहजिकच तगर धूप आणि उदबत्तीत अधिक आणि उंची अत्तरात कमी वापरली जाते.

तरीही दोघींच्या तेलांत नात्याच्या खुणा आहेत. पचौली अल्कोहोल हे द्रव्य दोघींतही सापडते. जटामांसीतून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला 'जटामांसोन' नाव दिले गेले होते. ते युरोपीय तगरीतील 'व्हॅलेरॅनोन' या द्रव्याशी तंतोतंत एकच असल्याचे पुढे सिद्ध झाले. वनस्पतींच्या बाबतीत एका नावाच्या दोन वस्तू झाल्या होत्या, रसायनांच्या बाबतीत एका वस्तूची दोन नावे झाली.

वैद्यक काय सांगते?

सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या आयुर्वेदीय ग्रंथात दोन्ही वनस्पती कर्पूरादि वर्गात, पण वेगवेगळ्या आल्या आहेत. तेथे जटामांसी शीत मानली आहे आणि तगर उष्ण. म्हणजे ज्या शास्त्रात उष्ण आणि शीत हा औषधनिवडीचा पाया आहे, तेथे या दोघी एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आहेत. यूनानी वैद्यकात सुंबुल-उत-तीबचा मिजाज गर्म-खुश्क मानला जातो आणि मेंदू, हृदय, यकृत आणि जठर यांना बळ देणारे द्रव्य म्हणून त्याचा उपयोग होतो. दोन शास्त्रे एकाच मुळाला एक शीत आणि दुसरे उष्ण म्हणते. या शब्दांचे अर्थ त्या त्या शास्त्राच्या चौकटीतच घ्यावे लागतात. अनुवादकाने 'गर्म' या शब्दासाठी डोळे मिटून 'उष्णवीर्य' लिहू नये, हा त्यातला धडा.

जालीनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'जवारिश जालीनूस' या प्रसिद्ध मुरक्कब औषधात सुंबुल-उत-तीब आणि असारून ही दोन्ही द्रव्ये स्वतंत्र घटक म्हणून येतात. एकाने काम भागत असते तर नुस्ख्यात दोन नावे लिहिण्याचे कारण नव्हते.

आधुनिक संशोधनात दोघींवरही मज्जासंस्थेच्या दृष्टीने काम झाले आहे. जटामांसीविषयीचे बरेचसे पुरावे प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेले आहेत. युरोपीय तगरीच्या झोपेवरील परिणामाच्या माणसांवर चाचण्या झाल्या, पण त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या दोन्ही वनस्पती घेऊ नयेत.

बदल आणि भेसळ

यूनानी औषधशास्त्रात 'बदल' ही एक मान्य संकल्पना आहे. मूळ द्रव्य न मिळाल्यास गुणाने जवळचे दुसरे द्रव्य वापरणे म्हणजे बदल. मराठीतील 'बदल' आणि 'बदली' हे शब्द याच अरबी मुळाचे. अकराव्या शतकात अल-बैरूनी यांनी 'किताब-अस-सैदना' या औषधिद्रव्यांवरील ग्रंथात पर्यायी द्रव्य निवडण्याचे ज्ञान औषधविक्रेत्याच्या विद्येचा महत्त्वाचा भाग मानले आणि द्रव्यांची नावे अनेक भाषांतून नोंदवली. नाव आणि बदल या दोन गोष्टी त्यांनी एकाच ग्रंथात आणल्या, हा योगायोग नव्हे.

बदल आणि भेसळ यांत फरक आहे तो उघडपणाचा. हकीम किंवा वैद्य विचारपूर्वक तगर सुचवतो आणि पुड्यावर तगर असे लिहिलेले असते, तेव्हा तो बदल. तीच तगर जटामांसीच्या नावाने आणि भावाने विकली जाते, तेव्हा ती भेसळ.

या प्रश्नाला आज आणखी एक बाजू आहे. जटामांसी थंड प्रदेशात अत्यंत सावकाश वाढते आणि तिचे मूळ काढणे म्हणजे बहुधा संपूर्ण झाडच काढणे. १९९७ मध्ये तिचा समावेश 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. त्यामुळे तिच्या परदेशी व्यापारासाठी परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ मध्ये तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. तगर कमी उंचीवर वाढत असल्याने तिची लागवड तुलनेने सोपी आहे आणि हिमाचलातील पालमपूरच्या संशोधन संस्थेने त्यावर काम केले आहे. ज्या उपयोगात तगर चालू शकते तेथे जाणकारांनी ती उघडपणे सुचवली, तर डोंगरावरच्या जटामांसीवरचा भार हलका होईल. परंतु त्यासाठी आधी दोघींना वेगळे ओळखता आले पाहिजे.

समारोप

आपल्या महाविद्यालयांत हा विषय एका वर्गात संपणारा नाही. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी काष्ठौषधींच्या दुकानातून दोन्ही मुळे आणून भिंगाखाली दाखवावीत. रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी तगर वाळताना तिचा वास का बदलतो ते सांगावे. इतिहासाच्या तासाला भरूचचे बंदर नकाशावर दाखवता येईल. हैदराबादच्या सहकाऱ्यांना चारमिनारजवळच्या निजामिया तिब्बी कॉलेजमधील यूनानीच्या अध्यापकांशी संवाद साधता येईल. आणि आम्ही भाषेच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून एक छोटा शब्दकोश करून घ्यावा. प्रत्येक द्रव्याचे संस्कृत, अरबी, उर्दू, मराठी आणि शास्त्रीय नाव एका ओळीत असावे, आणि त्या ओळीशेजारी खऱ्या मुळाचा एक तुकडा चिकटवलेला असावा. जोन्स यांच्याकडे पहिली गोष्ट भरपूर होती. अडले ते दुसऱ्या गोष्टीपाशी.